संगणकाची देखभाल कोणाच्या हाती? लिनक्सकडे वळताना वितरणाची निवड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचे नियमित साहाय्य थांबवले आणि जुलै २०१५ पासून घरोघरी व कचेऱ्यांत रुळलेल्या या प्रणालीवरचे असंख्य संगणक एका विचित्र अवस्थेत येऊन पोहोचले. यंत्रे पूर्वीइतकीच धडधाकट होती आणि त्यांवरची कामेही पूर्वीसारखीच चालली होती. मात्र प्रणालीत पुढे उघडकीस येणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवण्याचे नित्याचे काम थांबले होते. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, केवळ सुरक्षेपुरती मुदतवाढ मिळाली. विंडोज ११ ची वाट मात्र अनेक जुन्या यंत्रांना बंदच आहे, कारण त्या प्रणालीला टीपीएम २.० ही सांकेतिक किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो, मोजके अपवाद सोडता, २०१७ मध्ये आलेल्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा असावा लागतो.

गुरुग्राममध्ये हा प्रश्न विशेष ठळकपणे दिसतो. सायबर सिटी आणि उद्योग विहार या भागांतील कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी घेतलेले लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात. त्यांतले बरेचसे दुरुस्त आणि साफसूफ होऊन जुन्या मालाच्या दुकानांत किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसच्या बाजारात येतात आणि तेथून विद्यार्थ्यांच्या, छोट्या व्यावसायिकांच्या व नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या घरी पोहोचतात. अशा यंत्राचा मालक नवा लॅपटॉप घेऊ शकतो, धोका पत्करून जुनीच प्रणाली वापरत राहू शकतो किंवा त्या यंत्रावर लिनक्स बसवू शकतो. यंत्र टाकून दिले तर त्याचा प्रवास बहुधा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत संपतो, जिथे सर्किट बोर्ड हातांनी तोडून त्यांतला धातू वेगळा केला जातो आणि त्याची किंमत तेथील कामगारांची फुप्फुसे मोजतात. जुने यंत्र वापरात ठेवण्याला म्हणूनच पैशाच्या बचतीपलीकडेही अर्थ आहे.

लिनक्सचा विचार सुरू होताच पहिला अडथळा येतो तो निवडीचा. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, झोरिन, आर्च अशी नावांची रांग समोर उभी राहते आणि त्यांतले सर्वोत्तम कोणते, या वादात नवा वापरकर्ता गोंधळून माघारी फिरतो. प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने मांडला तर ही निवड बरीच सोपी होते: आपल्या संगणकाची देखभाल पुढची काही वर्षे कोण करणार आहे, किती काळ करणार आहे आणि अडचण आली तर कोणाला विचारता येणार आहे?

गाभा एक, वितरणे अनेक

काटेकोर अर्थाने लिनक्स हे संपूर्ण प्रणालीचे नाव नसून तिच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, नाव आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड ही सारी सामग्री आणि तिच्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये बसून कोणाला काय व कधी मिळेल हे ठरवणारा जो सर्वांत आतला भाग, तो कर्नल. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये त्याची जाहीर वाच्यता केली आणि १९९२ मध्ये तो जीपीएल या परवान्याखाली आणला. या परवान्यामुळे कोणालाही त्याची संहिता वाचता, बदलता व वाटता येते, मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला देताना तिची संहिताही त्याच अटींवर द्यावी लागते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून तयार झालेली साधने या कर्नलला जोडली गेली आणि वापरण्याजोगी मुक्त प्रणाली आकाराला आली.

कर्नल, ही साधने, पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप, ब्राउझर, कार्यालयीन कार्यक्रम आणि नवे कार्यक्रम मिळवण्याचे कोठार या सर्वांची एकमेकांशी सांगड घालून, तपासणी करून जी तयार प्रणाली वापरकर्त्याला दिली जाते, तिला वितरण किंवा बोलीभाषेत डिस्ट्रो म्हणतात. वितरण तयार करणाऱ्यांचे काम ती प्रणाली एकदा देऊन संपत नाही. फायरफॉक्समध्ये किंवा कर्नलमध्ये त्रुटी सापडली की तिची दुरुस्ती आपल्या आवृत्तीत बसवून, तपासून, कोठारात ठेवणे हे त्यांचे रोजचे काम असते. वापरकर्त्याला प्रत्येक कार्यक्रमासाठी वेगवेगळी संकेतस्थळे धुंडाळावी लागत नाहीत. बहुतेक सर्व कार्यक्रमांचे अपडेट एकाच ठिकाणाहून येतात आणि ते अधिकृत आहेत याची खूण डिजिटल स्वाक्षरीने पटवली जाते. वितरणांमधला खरा फरक रंगरूपात फारसा नसून या नित्याच्या कामाच्या पद्धतीत आणि मुदतीत आहे.

गुरुग्रामच्या न्यायालयातील लिनक्स

लिनक्स हे केवळ तज्ज्ञांचे साधन आहे, ही समजूत खोडणारे उदाहरण गुरुग्राममध्येच आहे. देशातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी २००७ पासून ई-कोर्ट्स प्रकल्प राबवला जात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने त्यासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा मार्ग स्वीकारला आणि न्यायालयांच्या गरजांनुसार जुळवून घेतलेली उबुंटू प्रणाली न्यायाधीशांच्या व कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर आणली. खटल्यांची नोंद, तारखा, आदेश आणि निकाल सांभाळणारी सीआयएस ही संगणकीय व्यवस्था राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, पुणे येथील शाखेत विकसित झाली. गुरुग्रामच्या जिल्हा न्यायालयात पक्षकाराला पुढची तारीख ज्या व्यवस्थेतून मिळते, तिचे मूळ अशा रीतीने पुण्यात आहे.

या उदाहरणातला बोध तंत्रज्ञानापेक्षा व्यवस्थापनाचा आहे. न्यायालयीन कर्मचारी संगणकतज्ज्ञ नसतात, त्यांना टंकलेखन, छपाई आणि नोंदी यांच्याशी कर्तव्य असते. तरीही नवी प्रणाली त्यांच्या हातात रुळली, कारण वितरण एकच निवडले गेले, त्याची दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतली गेली आणि न्यायिक अधिकाऱ्यांमधूनच ‘मास्टर ट्रेनर’ तयार करून उबुंटू व सीआयएसचे प्रशिक्षण देण्यात आले. याउलट जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला, पुढील दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणकांवर तो अमलातही आणला, परंतु राजकीय पाठबळ ओसरल्यावर २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. प्रणाली टिकते ती तिच्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते.

भारतीय बनावटीच्या वितरणांकडेही याच नजरेने पाहावे लागते. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या पायावर ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, हे वितरण २००७ मध्ये आणले आणि त्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय केली. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले, तर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली आपल्या संगणकांसाठी स्वीकारल्याचे प्रसिद्ध झाले. हे प्रयत्न महत्त्वाचे आहेत. मात्र त्यांची रचना मुख्यतः सरकारी कामकाजाच्या गरजांभोवती झालेली असल्यामुळे, घरगुती वापरासाठी त्यांचा पाया असलेली मूळ वितरणे किंवा त्यांच्या जवळची भावंडे निवडणे अधिक सोयीचे ठरते, कारण त्यांच्या अडचणींची उत्तरे शोधणारा समुदाय कितीतरी मोठा आहे.

तीन घराणी आणि त्यांची मुदत

नावे शेकडो असली तरी रोजच्या वापराची बहुतेक वितरणे तीन घराण्यांत बसतात. पहिले घराणे डेबियनचे. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी सुरू केलेले हे वितरण कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात आणि स्थिर आवृत्ती पूर्ण तपासल्याखेरीज प्रसिद्ध करत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ ही अशीच आवृत्ती आहे. डेबियनवरूनच कॅनॉनिकल या कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आणले. उबुंटूच्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीला एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती, म्हणतात आणि तिला पाच वर्षे नियमित अपडेट मिळतात. मधल्या काळात निघणाऱ्या आवृत्त्यांना मात्र केवळ नऊ महिने मिळतात. उबुंटू घेताना ‘एलटीएस’ ही तीन अक्षरे पाहूनच घ्यावे, असे म्हणतात ते यामुळे.

लिनक्स मिंट हे २००६ पासूनचे वितरण उबुंटूच्या याच दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभे आहे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू आणि उजवीकडे घड्याळ ही त्याच्या सिनॅमन डेस्कटॉपची मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची असल्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांनाही तो परका वाटत नाही. आयर्लंडमधून येणारे झोरिन हेही उबुंटूवरच आधारलेले असून विंडोजवरून येणाऱ्यांचे स्थलांतर सुकर करणे हाच त्याचा घोषित हेतू आहे.

दुसरे घराणे रेड हॅटचे. त्यातील फेडोरा नव्या तंत्रज्ञानाला लवकर जागा देते, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने सांभाळते, म्हणजे वर्षातून किमान एकदा पुढच्या आवृत्तीवर जाण्याची तयारी वापरकर्त्याला ठेवावी लागते. यंत्र नवेकोरे असेल आणि त्याची सामग्री ओळखण्यासाठी ताजा कर्नल हवा असेल, तर फेडोरा उपयोगी पडते. तिसरे घराणे आर्चचे. त्यात ठरावीक आवृत्त्या नसतात, प्रत्येक कार्यक्रम तयार होईल तसा अखंड पुढे सरकत राहतो. शिकण्याची आवड असणाऱ्याला ते आनंददायक वाटते, पण ज्याला सोमवारी सकाळी हिशेब पाठवायचा आहे त्याच्या एकुलत्या एका यंत्रावर ते असू नये.

वितरणाबरोबर डेस्कटॉपची निवडही येते. पडद्यावरच्या खिडक्या, पट्ट्या, मेनू यांची जी एकत्रित व्यवस्था असते ती डेस्कटॉप होय. ग्नोम आणि केडीई हे दोन डेस्कटॉप सर्वांत संपन्न आहेत, तर एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे कमी मेमरीत चालणारे आहेत. ४ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर एक्सएफसीई बरा, ८ जीबी असल्यास कोणताही चालतो. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवल्याने जो वेग मिळतो तो कोणतेही वितरण बदलून मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मराठीची सोय

मराठी वाचकाच्या दृष्टीने निवडीची एक कसोटी भाषेची आहे आणि येथे समाधान वाटावे अशी परिस्थिती आहे. भारतीय भाषांना लिनक्सच्या पडद्यावर आणण्यासाठी एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून इंडलिनक्ससारख्या स्वयंसेवी गटांनी कष्ट घेतले, रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले आणि कंपनीच्या पुण्यातील कार्यालयातून त्यांच्या देखभालीचे व भाषांतराचे मोठे काम झाले. फेडोरात व डेबियनमध्ये मराठीसाठी लोहितची स्वतंत्र आवृत्तीही मिळते.

टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट हा सरकारमान्य कळफलक बहुतेक वितरणांत आधीपासून असतो. सेटिंगमधील कीबोर्डच्या यादीत तो जोडला की दोन कळा एकत्र दाबून इंग्रजी व मराठी यांत ये-जा करता येते. मराठीची खास कसोटी म्हणजे ‘वाऱ्यावर’, ‘पुढाऱ्याने’ अशा शब्दांतला अर्धा ‘ऱ’. इन्स्क्रिप्टमध्ये ज्या कळेवर र आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की ऱ उमटतो, त्यानंतर पाय मोडण्याची खूण आणि मग य दिला की ‘ऱ्य’ नीट जुळतो. साधा र वापरल्यास त्याचा रफार होऊन ‘वार्‍यावर’च्या जागी ‘वार्यावर’ असे चुकीचे रूप पडद्यावर येते. उच्चारानुसार रोमन अक्षरांत टंकण्याची सवय असणाऱ्यांसाठी आयबस नावाच्या व्यवस्थेत तशीही पद्धत जोडता येते. लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन संचाला मराठी शुद्धलेखन-तपासणीचा शब्दकोशही बसवता येतो.

अडचण आहे ती जुन्या मजकुराची. मराठी मुद्रणव्यवसायात आणि कचेऱ्यांत अनेक वर्षे श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या विंडोजवरील साधनांनी मजकूर तयार झाला असून त्यातील बराचसा युनिकोडमध्ये नाही. त्या फाइलींतील अक्षरे विशिष्ट फाँट असेल तरच मराठी दिसतात. अशा फाइली ज्यांच्यापाशी आहेत त्यांनी विंडोज काढून टाकण्यापूर्वीच त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे तपासून घ्याव्यात.

आधी कामांची यादी

स्थलांतराची खरी सुरुवात वितरण उतरवून घेण्यापासून होत नाही, ती कागदावर कामांची यादी करण्यापासून होते. ब्राउझरमध्ये होणारी कामे, म्हणजे बँक, ईमेल, रेल्वेचे आरक्षण, मुलांचे ऑनलाइन वर्ग, चित्रपट, ही लिनक्सवर जशीच्या तशी होतात. क्रोम, फायरफॉक्स, झूम आणि व्हीएलसी यांच्या लिनक्स आवृत्त्या आहेत. पत्रे आणि हिशेबाचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये होतात, मात्र गुंतागुंतीची मांडणी किंवा मॅक्रो असलेल्या फाइली कधी कधी विस्कटतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिस आणि ॲडोबी फोटोशॉप लिनक्ससाठी येत नाहीत. ऑफिसची ब्राउझरमधील आवृत्ती चालते आणि छायाचित्रांसाठी गिंप आहे. टॅली हा हिशेबाचा कार्यक्रम विंडोजसाठीच बनतो. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्या सनदी लेखापालांनी व कंत्राटदारांनी आपल्या टोकनाचे लिनक्ससाठीचे सॉफ्टवेअर मिळते का, हे आधी पाहावे. प्रिंटरचेही तसेच: एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांना कंपनीनेच दिलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वितरणातच असते, इतर काहींना कंपनीच्या संकेतस्थळावरून वेगळे सॉफ्टवेअर आणावे लागते. गुरुग्रामच्या नोकरदारांनी आणखी एक पथ्य पाळावे. कंपनीने दिलेला लॅपटॉप कंपनीच्या सुरक्षा-व्यवस्थेला जोडलेला असतो, त्यावर स्वतःहून दुसरी प्रणाली बसवू नये. प्रयोग घरच्या यंत्रावर करावा.

यादीत विंडोजवाचून अडणारे एखादेच काम उरले, तर दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर ठेवून सुरू करताना हवी ती निवडण्याची सोय आहे. तिला ड्युअल बूट म्हणतात.

न बसवता पाहणे

लिनक्सची एक मोठी सोय अशी की, डिस्कवरील काहीही न बदलता ते पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण प्रणालीची एकसंध प्रत, घ्यावी, सोबत दिलेल्या शा-२५६ या तपासणी-अंकाशी ती ताडून पाहावी आणि रूफस किंवा व्हेंटॉयसारख्या साधनाने रिकाम्या पेन ड्राइव्हवर उतरवावी. मिंटसाठी ८ जीबीचा पुरतो. यंत्र सुरू करताना कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप कळ दाबली की पेन ड्राइव्ह निवडता येतो आणि काही मिनिटांत संपूर्ण डेस्कटॉप समोर येतो. या अवस्थेत वायफाय जोडावे, व्हिडिओ लावून आवाज ऐकावा, कॅमेरा उघडावा, लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडावे आणि एक पान छापून पाहावे. या पाच गोष्टी जमल्या तर पुढची वाट बहुधा निर्वेध असते. एखादी अडली तर त्याच घराण्यातील दुसरे वितरण किंवा अधिक ताजा कर्नल असलेले वितरण अशाच रीतीने तपासावे.

प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे अनिवार्य आहे. विंडोज शेजारी ठेवायचे असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी व्यवस्था, चालू आहे का हे पाहून तिची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून ठेवावी, कारण यंत्राच्या आरंभीच्या मांडणीत बदल झाला की विंडोज ती किल्ली मागते. लिनक्स बसल्यावर पहिल्याच दिवशी सर्व अपडेट घ्यावेत आणि मिंटमध्ये असलेले टाइमशिफ्ट चालू करावे. ते प्रणालीची ठरावीक काळाने नोंद ठेवते आणि एखाद्या अपडेटनंतर बिघाड झाला तर आदल्या स्थितीत परत नेते. मात्र टाइमशिफ्ट घरातील कागदपत्रे व छायाचित्रे सांभाळत नाही, त्यांची प्रत वेगळीच घ्यावी लागते.

शिकण्यासाठीही मराठीत आधार आहे. मुंबईच्या आयआयटीने चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स व लिब्रेऑफिसचे लहान लहान पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात आणि ऐकत ऐकत स्वतः करून पाहावे, अशीच त्यांची रचना आहे.

सामान्य घरासाठी उत्तर अशा रीतीने फार लांबचे राहत नाही. विंडोजवरून प्रथमच येणाऱ्याने मिंट घ्यावे, नव्या रचनेच्या डेस्कटॉपची हरकत नसणाऱ्याने उबुंटूची एलटीएस आवृत्ती घ्यावी, कंपनीपेक्षा समुदायावर अधिक भरवसा असणाऱ्याने थोडी जास्त मेहनत करून डेबियन घ्यावे आणि अगदी नव्या यंत्रासाठी फेडोरा पाहावे. निवड कोणतीही असो, तिच्या साहाय्याची अखेरची तारीख लिहून ठेवावी आणि ती येण्यापूर्वी पुढच्या आवृत्तीवर जावे. विंडोज १० च्या बाबतीत मुदत संपल्यावर अनेक यंत्रांपुढे सुरक्षेपुरत्या वाढीव वर्षापलीकडे अधिकृत वाट उरली नाही. मुक्त प्रणालीत मुदत संपल्यावरही पुढची आवृत्ती विनामूल्य असते, आणि एखाद्या वितरणाने जुन्या सामग्रीला सोडले तरी तिला सांभाळणारे दुसरे वितरण शोधता येते. त्या मोकळिकीची किंमत म्हणून थोडे शिकणे, नियमित अपडेट घेणे आणि मराठीत आढळलेली चूक संबंधित प्रकल्पाला कळवणे एवढे वापरकर्त्याने पत्करले, तर ज्या देखभालीवर तो विसंबून आहे तिच्यात त्याचाही वाटा राहील.